तोंडानं सांगा

मुमताज सिस्टर औषध सुरू करण्याआधी प्रत्येक पेशंटला विचारायच्या, "बोला, कुटं पळत जायचं?"

खरं तर हृदयाच्या त्या तपासणीत पळायचं नसतंच. ज्यांना फिरत्या पट्ट्यावर चालता येत नाही त्यांना झोपवून सुईतून औषध देतात. डोस हळूहळू वाढवतात. माणूस पडून असतो आणि हृदय पळायला लागतं. त्या वेळी ते कसं चालतंय हे डॉक्टर मशीनवर बघतात.

माझ्या आधी जेऊरचे एक आजोबा होते. पडद्यापलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"टेशनावर जायचं," आजोबा म्हणाले.

"मग पळा की! गाडी हलली बघा."

"जाऊ दे तिला. मागनं दुसरी हाय."

डॉक्टरसुद्धा हसले.

मग माझी पाळी आली. विड्या वळायला बसून बसून माझे गुडघे गेलेत. जिना चढताना छातीत आवळायचं, पण घरी मी नुसतं 'दमले' म्हणायची. साध्या तपासणीत सगळं चांगलं निघालं होतं. 'मग आता कशाला सांगायचं?' असं मला वाटे.

"बसल्या जागी सगळ्यांचं हृदय शहाणं असतंय, अक्का," सिस्टर म्हणाल्या. "पळवल्यावर त्याचं खरं कळतंय. कुटं जायचं?"

मी 'कुठंच नाही' अशी मान हलवली.

"बरं, मग नुसतं फिरून येऊ."

औषध चढलं तशी छाती धडधडायला लागली. डॉक्टर मशीनकडे बघत होते आणि सिस्टर माझ्याकडे. जबड्यापर्यंत कळ आली. मी चादर मुठीत धरली आणि गप्प राहिले.

"दुखतंय?"

मी परत 'नाही' अशी मान हलवली.

"मुंडी नको. तोंडानं सांगा. लाजून मेलात तर मग कुणाला सांगणार?"

"थोडं."

"थोडं का लई?"

"लई," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला.

"सिस्टर, बंद करा," डॉक्टर लगेच म्हणाले. "हृदयाची इथली बाजू नीट आवळत नाही." धडधड उतरेपर्यंत सिस्टर माझा हात धरून बसल्या होत्या. पुढे अडलेली नस मोकळी केली. मी वाचले.

त्यानंतर दर वेळी दाखवायला गेले की त्यांना भेटून यायची. त्याही लांबूनच ओरडायच्या, "अक्का, आज मुंडी का तोंड?"

गेल्या महिन्यात त्या रिटायर झाल्या. लेकीकडे मैंदर्गीला कायमच्या जाणार होत्या. शेंगाची चटणी कुटून घेऊन गेले. त्यांच्या दारात रिक्षा उभी होती. पोचेपर्यंत मला धाप लागली. त्यांनी आधी माझी नाडी धरली.

"कशाला पळत आलात? दुखतंय का?"

चारचौघांत मी कधी बोलत नाही. सवयीनं मान हलणार होती, ती थांबवली.

"छातीत न्हाय. तुमी चाललात, त्याचं दुखतंय," मी म्हणाले. "लई दुखतंय."

सिस्टरांनी चटणीचा डबा पोटाशी धरला. त्यांनी नुसती मुंडी हलवली.