मधल्या बाईचे हेलपाटे

"तिला सांगा, मला तिच्याशी बोलायचं नाही!"

"अहो ताई, मी एवढंच विचारलं, दालन आवडलं का?"

"मग तेही तिलाच विचारा. जन्मल्यापासून सगळं कळतं तिला."

चौकशीबाईनं मान वळवली. ताईंची धाकटी बहीण दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडं तोंड करून उभी. त्यांच्या भाचीनं दोघी मावश्यांना फसवून एकाच वेळी इथं बोलावलं होतं आणि स्वतः बाहेर गाडीत दडून बसली होती.

संग्रहालयात बाईला चौकशीबाई हेच नाव पडलेलं. गुडघे गेले तशी बसची कंडक्टरकी सुटली आणि ती इथं चिकटली. राज्याराज्यांत तह कसे जुळले ते दाखवणारं हे दालन. ते बघून बाहेर पडणाऱ्या माणसाला गाठायचं, काय वाटलं ते टिपायचं, हे तिचं काम. सासू म्हणायची, "जगाला विचारत फिरते. घरात भाजी कशी झाली हे विचारायची छाती नाही."

दालनात काचेआड एका दूताचे झिजलेले जोडे होते. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन राजांमधे तो हिवाळाभर निरोप घेऊन फिरला. शिव्या वाटेत टाकायचा, मुद्दा तेवढा पोचवायचा, असं पाटीवर लिहिलेलं. बाईला पाटी पाठ होती, पण पटली नव्हती. भांडणातून शिव्या काढल्या तर उरतं काय?

थोरली पुन्हा फणकारली, "सांगा तिला! आई अंथरुणाला खिळलीय. हगणंमुतणं मी काढते आणि म्हातारी नाव घेते हिचं!"

बाई लंगडत धाकटीकडं गेली. तिखटमीठ तर लावलं नाहीच, होतं तेही झटकलं. "आई तुमचं नाव घेते, म्हणतात."

धाकटीचा चेहरा उतरला. मग उसळली, "माझ्या तोंडावर दार कुणी लावलं होतं? विचारा त्या महाराणीला!" आणि लगेच खालच्या आवाजात म्हणाली, "येऊ का, विचारा."

बाई परत थोरलीकडं. "येऊ का, विचारतायत."

थोरली बाकावर टेकली, पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "तिला सांगा, आईला आता कमी ऐकू येतं. कानाशी जाऊन बोलावं लागेल."

बाई निघाली, तशी थोरलीनं तिचा हात धरला. "थांबा. किती पाय तोडाल?" आणि स्वतःच उठली.

बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं आपलं असं काहीच घातलं नव्हतं, चार शब्द इकडचे तिकडं नेले होते फक्त. त्यावर एवढी कडक बाई अख्खं दालन ओलांडून चालली होती! पलीकडं धाकटीनं भिंत सोडली. दोघी समोरासमोर आल्या. मिठीबिठी काही नाही. "गोळ्या देतेस ना वेळेवर?" "मग काय, तुझी वाट बघत बसू?" असं भांडतच बाहेर गेल्या.

बाई उघड्या तोंडानं बघत राहिली. मागून एक मास्तर चष्मा पुसत बाहेर पडू लागले, तेव्हा तिनं घसा खाकरला.

"काय गुरुजी, कसं वाटलं दालन?"