खडूस काकांचा पूर्ण पत्ता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, कारण शेवटी हसलात तर मला रडू येईल. माझा असा काही पोपट झालाय, की अजूनही कुठे निळ्या अक्षरातली लिंक दिसली की आधी छातीत धस्स होतं!

तर झालं असं. कोथरूडमधल्या एका छोट्या ऑफिसात मी वेबसाइट बनवते. 'बनवते' म्हणजे तेव्हा शिकतच होते. शिकाऊपणाचे सहा महिने संपत आले होते आणि मंदार सर म्हणाले होते, "हे एक काम एकटीने करून दाखव. जमलं तर पर्मनंट. नाहीतर मग बघू." आता पुण्यात 'बघू'चा अर्थ काय असतो, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

काम होतं एका हास्यक्लबची डिजिटल स्मरणिका. सभासदांचे लेख, फोटो आणि पहिल्याच पानावर एक व्हिडिओ: चाळीस आजी-आजोबा बागेत हात वर करून खदाखदा हसतायत. क्लबचे अध्यक्ष देवस्थळी काका. हास्यक्लबचा अध्यक्ष स्वतः हसत नाही, हे ज्ञान मला तिथे झालं.

"हा स्वल्पविराम आहे की माशी बसली आहे?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

दुसरं, "लिंकचा रंग निळाच का?"

"निळाच असतो हो काका."

"कोणी ठरवलं?"

आता मी कोणाचं नाव घेऊ? असे त्यांनी सतरा वेळा बदल सांगितले. मी पडले घाबरट! कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, उलट काय बोलणार? मग राग काढायचा कुठे? मी तो फोल्डरच्या नावांत काढला. प्रत्येक बदलाला एक नवा फोल्डर, त्याला एक नवं नाव. फार बरं वाटायचं हो! माझाच कॉम्प्युटर, कोण बघतंय?

स्मरणिकेच्या प्रकाशनाचा कार्यक्रम रविवारी होता. त्याआधीच्या सोमवारी मी स्मरणिका पेनड्राइव्हवर नेऊन दिली आणि ऑफिसला पोचते न पोचते तोच फोन.

"देवस्थळी बोलतोय. व्हिडिओ दिसत नाही."

मी घाईघाईने माझ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिला. चाळीस जण मजेत हसत होते. "काका, माझ्याकडे तर छान चालतोय!"

"अस्सं? मग रविवारी सगळ्यांना आपल्याकडेच पाठवतो. चहा ठेवाल ना?"

मी म्हटलं, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. त्यांनी केला.

मंगळवारी पुन्हा फोन. "एक पाटी येते. 'फाइल सापडली नाही.' खाली बरंच काही लिहिलंय. वाचून दाखवू?"

"नको, नको काका! त्यात वाचण्यासारखं काही नसतं."

"नसतं? मला तर रंजक वाटलं."

बुधवारी मी त्यांना इंटरनेटचा डबा बंद-चालू करायला लावला. गुरुवारी शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणायला लावला. दोन्ही वेळा त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "वाचून दाखवू?" आणि दोन्ही वेळा मी, तांत्रिक माणसं बोलतात तशा दमलेल्या आवाजात म्हटलं, "काका, त्याकडे लक्षच देऊ नका." वर सरांना सांगून मोकळी झाले, "सर, काम चोख आहे. काकांनाच कॉम्प्युटर येत नाही."

रविवारी सकाळी हॉल खच्चून भरलेला. शेवटच्या रांगेत मंदार सर. भिंतीवर प्रोजेक्टरने स्मरणिकेचं पहिलं पान दाखवलेलं. काका माइकवर म्हणाले, "आता या बाई आपल्याला व्हिडिओ दाखवतील." मी देवाचं नाव घेऊन क्लिक केलं.

भिंतभर पाटी आली. फाइल सापडली नाही. आणि खाली, हाताएवढ्या अक्षरांत:

D:\काम\खडूस काका\काकांची कटकट\नवी कटकट\देवा आता उचल\हास्य.mp4

उचल मला हो! मला म्हणायचं होतं, देवा मला उचल! पण हे भिंतीला कोण सांगणार?

आणि त्याच क्षणी डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओ पानात घालायचा राहिलाच होता. मी पानावर फक्त माझ्या कॉम्प्युटरमधला त्याचा पत्ता लिहून ठेवला होता. म्हणजे लोकांना जेवायला बसवायचं आणि श्रीखंड आपल्याच घरच्या फ्रिजमध्ये! माझ्याकडे चालणार नाही तर काय?

पहिल्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "चष्मा विसरलेय मी. काय आलंय हो?"

शेजारच्या आजोबांनी खणखणीत आवाजात वाचलं. सगळं. मधल्या तिरक्या रेघांसकट.

मग काकूंना जो ठसका लागला, त्याने अख्खा हॉल फुटला. माणसं खुर्च्यांना धरून हसत होती. व्हिडिओची काही गरजच उरली नाही.

मी काकांसमोर हात जोडले. "काका, चुकले. तुम्ही हे... आत्ताच पाहिलंत ना?"

"सोमवारी," काका म्हणाले. "आपल्याला वाचून दाखवायला तयार होतो. तीनदा विचारलं. आपणच म्हणालात, लक्ष देऊ नका. नाही दिलं."

मग सरांकडे वळून म्हणाले, "मुलगी कामाची आहे. फायली फार नीट लावते."

पुढचे चार दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. शुक्रवारी सरांची मेल आली. एकच ओळ, 'तुझं पत्र', खाली निळी लिंक. पत्र कसलं? ठेवल्याचं की काढल्याचं? एक डोळा मिटून मी क्लिक केलं.

फाइल सापडली नाही.

D:\ऑफिस\स्टाफ\घाबरगुंडी\रडारड\घेतली एकदाची पर्मनंट.pdf

तेवढ्यात आतल्या केबिनमधून सरांची हाक आली, "काय गं, दिसतंय का? माझ्याकडे तर दिसतंय!"

"दिसतंय सर," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ दिसतंय."

वाचून दाखवू का, असं मात्र विचारलं नाही.