शॉकअप मऊ पाहिजे की कडक?

गाडीचे शॉकअप बदलायला तासभर तरी जातो. तेवढा वेळ माणूस स्टुलावर बसून काय करणार? आधी मोबाइल बघतो, मग चहा पितो, मग बोलायला लागतो. सुरुवात रस्त्यापासून होते. रस्त्यावरून कमरेवर येतो. आणि कमरेचा विषय निघाला की घरातलं सगळंच बाहेर येतं!

कल्याणात, शहाड पुलाच्या अलीकडे आमचं दुकान आहे. काउंटरला मी, पान्याला भोईर दादा. दुकान दोघांचं. आम्ही फक्त बाइकचे शॉकअप विकतो, बसवतो आणि ज्याच्या त्याच्या अंगाला बेतून सेट करून देतो. काढलेले जुने शॉकअप भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते आमच्याकडेच पडून राहतात.

* * *

स्प्रिंग ठरते माणसाच्या वजनावर. हलक्या माणसाला कडक स्प्रिंग दिली तर तो सीटवरून उडतो, जड माणसाला मऊ दिली तर गाडी खड्ड्यात तळापर्यंत आपटते. त्यामुळे मला येईल त्याला वजन विचारावं लागतं. अनोळखी बाईने वजन विचारल्यावर पुरुष किती लाजतात, हे मला या धंद्यात कळलं!

डोंबिवलीहून एक बँकेतले साहेब आलेले. सोबत मिसेस.

"वजन?" मी विचारलं.

"पंचाहत्तर," साहेब वर पंख्याकडे बघत म्हणाले.

"हे लग्नातलं सांगतायत," मिसेस म्हणाल्या.

"अगं, साधारण सांगतोय! बरं, ताई, तुम्ही ऐंशी धरा."

भोईर दादा बोलण्यावर जात नाहीत. ते माणसाला गाडीवर बसवतात आणि गाडी मागून किती खाली दबली ते टेपने मोजतात. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"साहेब, खिशात काय जड हाय का?"

साहेबांनी मोबाइल काढला. किल्ल्या काढल्या. पेनसुद्धा काढलं! दादांनी पुन्हा टेप लावला आणि तो साहेबांपुढेच धरला.

शेवटी साहेब काउंटरवर वाकले आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "ब्याण्णव. पण तिच्यासमोर बोलू नका."

"ऐकू आलं!" मागून आवाज आला.

* * *

घोडबंदर रोडचा एक इंजिनिअर मुलगा. त्याने ऑनलाइन शॉकअप मागवले होते. खाली सोनेरी नॉब, फिरवला की 'टिक टिक' वाजायचा. दाबलेली स्प्रिंग किती झटकन परत वर यावी ते त्या नॉबने ठरतं. झटकन आली तर गाडी मागून लाथ मारते, फार हळू आली तर पुढच्या खड्ड्यापर्यंत दबलेलीच राहते.

शनिवारी तो आमच्याकडे यायचा. "ताई, कालपासून दोन क्लिक कमी केलेत. काय फरक पडलाय म्हणून सांगू!"

भोईर दादाही त्याच्या गाडीवर पुलापर्यंत चक्कर मारून यायचे. "हां! आता मागची बाजू उडत नाय."

"पण एक क्लिक अजून पाहिजे ना?"

"अर्धा असता तर बरा जाला असता."

असं दोघांचं बरेच महिने चाललेलं. मग एक दिवस त्यातला एक शॉकअप तेल गाळायला लागला, म्हणून दादांनी तो खोलला. नॉबच्या आत एक पत्रा, एक छर्रा आणि एक इवलीशी स्प्रिंग. ते फिरायचं, वाजायचं, बस्स! आतल्या तेलाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

दोघांनी आळीपाळीने आत डोकावून बघितलं.

"पण मला फरक जाणवायचा!" मुलगा म्हणाला.

दादांनी हात पुसले. "मलापन."

नवे शॉकअप बसवले. जाताना त्याने तो सोनेरी नॉब मागून घेतला. आता तो त्याच्या ऑफिसच्या टेबलावर असतो. मीटिंग तापली की हळूच दोन क्लिक फिरवतो.

"फरक पडतो, ताई!"

* * *

डोंबिवलीचे एक निवृत्त प्राध्यापक. भाषा एकदम स्वच्छ. "माझी गाडी फार दणके देते. शॉकअप पूर्ण बदलून टाका."

दादांनी शॉकअप दाबून बघितले, अगदी ठीक होते. मग टायर दाबला. दगड! पंपावरच्या माणसाने हवा ठासून भरलेली. दादांनी 'फुस्स' करून जास्तीची हवा काढली. सर एक चक्कर मारून आले.

"उत्तम! अगदी लोण्यासारखी चालते. काम झालं?"

"झालं, सर."

सरांचा चेहरा पडला. "पण मी सांगून आलोय की गाडीचं मोठं काम निघालंय. आज सोसायटीची मीटिंग आहे हो, सेक्रेटरीचं पद माझ्या गळ्यात घालायला टपलेत सगळे!"

"मग काय करू या?"

सर स्टुलावर बसले. "तुम्ही हवा पुन्हा भरा. आणि सावकाश काढा."

* * *

दिवा स्टेशनजवळचा एक मुलगा होता. त्याला गाडी गुळगुळीत चालण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला लांब शॉकअप हवे होते, कारण गाडी मागून उचललेली दिसली पाहिजे.

मी त्याला सांगितलं, "अरे, मागून उंच केलीस की साइड स्टँड आखूड पडतो. गाडी उभी केली की जास्त कलते."

"ताई, लुक बघा ना!"

लुक बघितला. बसवून दिले.

नवरात्रात तो होणाऱ्या बायकोला घेऊन टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलेला. गल्लीत बाइकची लांबच लांब रांग. याने आपली रांगेच्या टोकाला लावली. दर्शन घेऊन येतायत, तोवर लांबून आवाज. धाड! मग धाड, धाड, धाड... याची गाडी शेजारच्या गाडीवर कलली, ती तिच्या शेजारच्या गाडीवर, आणि अख्खी रांग आडवी! शेवटची गाडी बंदोबस्तावरच्या हवालदारांची.

पोरगा हुशार. गर्दीत मागे सरकला आणि सगळ्यात मोठ्याने ओरडला, "कोणाची गाडी आहे यार ही? अक्कल आहे का!"

ती शेजारून तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "अरे, तुझीच ना!"

दुसऱ्या दिवशी तो स्टँड वाढवून घ्यायला आला. शॉकअप तेच ठेवले.

"आणि लग्न?" मी विचारलं.

"ते होणार, ताई. ती म्हणते, याला पचत नाही खोटं बोललेलं. बरंय."

* * *

ठाण्याच्या चेंदणीचे एक कोळी काका आहेत. सकाळी गाडीवर मासळी घेऊन कल्याणच्या बाजारात येतात. काकी रिक्षाने पुढे येऊन जागा धरते.

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "ताई, माझी गाडी मेलेल्या मासळीला जिवंत करते!"

"म्हणजे?"

"म्हणजे ठाण्याला मी मेलेले बोंबील भरतो, आणि भिवंडीच्या खड्ड्यांना ते उड्या मारायला लागतात! काल एक पापलेट मागच्या कारच्या काचेवर गेला. त्या माणसाने वायपर चालू केला!"

मी वजन विचारलं.

"जाताना का येताना? जाताना मी, दोन क्रेट नि बर्फ. येताना मी एकटा."

त्यांना आम्ही पान्याने कमीजास्त होणारे शॉकअप दिले. जाताना वरच्या खाचेत कडक, येताना खालच्या खाचेत मऊ. दादांनी स्वतः फिरवून दाखवलं. काका विचारात पडले.

"आणि मधे बर्फ विरघळतो, त्याचं काय?"

आम्ही दोघं हसलो. काका हसले नाहीत. थोड्या दिवसांनी परत आले ते उत्तर घेऊनच. क्रेटच्या भोकातून पाणी वाटभर गळतं, ओझं कमी होतं आणि दुर्गाडी पुलावर गाडी मागून उडायला लागते. म्हणून ते कोनगावला गाडी थांबवतात आणि एक खाच ढिली करतात. "कोनला बर्फ निम्मा होतो," म्हणाले. "मग पुढे एक बोंबील हलत नाय!"

परवा मी बाजारात गेलेले. काकीची हाळी लांबून ऐकू आली.

"बघून घ्या, आमचा म्हावरा शॉकअपवरून येतो!"

* * *

खडकपाड्याच्या एका जोडप्याची गाडी महिनाभर आमच्या डोक्याला ताप होती. नवऱ्याची तक्रार अशी की बायको मागे बसली की शॉकअपमधून 'टक्' असा आवाज येतो. एकटा असला की नाही.

मी मागे बसले. आवाज नाही. भोईर दादा बसले. आवाज नाही. वहिनी बसल्या. टक्!

दादांनी रबरी बुश बदलले. बोल्ट आवळले. स्प्रिंग उलटी करून बसवली. टक्! शेवटी दादा आपली स्कूटर काढून त्यांच्या शेजारून चालवत गेले, नजर मागच्या चाकावर. परत आले ते हसू दाबतच.

"ताई, आवाज गाडीचा नाय. वहिनींचा हाय."

पुढची रिक्षा जवळ आली की वहिनी टाच उचलून फूटरेस्टवर हाणत होत्या.

"मी ब्रेक मारते!" वहिनी म्हणाल्या. "हे मारत नाहीत, मग कोणीतरी मारायला नको?"

नवऱ्याने दादांकडे बघितलं. "आता हे दुरुस्त कसं होणार?"

"होईल ना! तुम्ही फक्त वहिनींच्या आधी मारायचा."

* * *

आणि हे मोहने गावचे दोघे भाऊ.

वडील रेयॉनच्या कारखान्यात होते. ते गेले, मागे त्यांची बाइक राहिली. दोघं भाऊ एकाच घरात राहायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. कशावरून, ते आम्हाला कधीच कळलं नाही. गाडी विकायची नाही, दोघांनी वापरायची, असं आईने ठरवून टाकलेलं. सकाळी मोठा भिवंडीच्या गोडाऊनला न्यायचा. दुपारी तो परत आला की धाकटा क्लासमध्ये शिकवायला न्यायचा. किल्ली आईच्या हातून जायची.

मोठा अंगाने चांगला भरलेला, धाकटा काडी. नवे शॉकअप मोठ्याने घेतले आणि आपल्या वजनाला कडक लावून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आला. "गाडी मागून लाथ मारते. ढिले करा."

दादांनी केले.

पुढच्या सकाळी मोठा हजर. "तळाला आपटते! कोणी हात लावला?"

दादांनी पुन्हा कडक केले. दुपारी धाकटा. मग सकाळी मोठा. असं चालूच राहिलं. शेवटी वैतागून दादांनी मधल्या खाचेत लावले आणि दोघांना वेगवेगळं सांगितलं, "थोडा तुम्ही सोसा, थोडा तो सोसेल."

"त्याच्यासाठी मी का सोसू?" मोठा म्हणाला.

"त्याच्यासाठी मी का सोसू?" धाकटा म्हणाला.

दादा मला म्हणाले, "आवाज पण सेम हाय दोघांचा."

पुढे पुढे निरोप आमच्यामार्फत जायला लागले. "त्याला सांगा, चेन सुकलीय." "त्याला सांगा, मागच्या टायरला खिळा होता, मी काढलाय." "त्याला सांगा, आईला रिक्षाने पाठवत जा, गाडीवर नेऊ नको." आम्ही सांगायचो. ऐकणारा 'हं' करायचा आणि वजनाप्रमाणे शॉकअप फिरवून घेऊन जायचा.

मग मधे बरेच दिवस दोघंही आले नाहीत.

एका दुपारी दोघं एकाच गाडीवरून आले. मोठा चालवत होता, धाकटा मागे. दोघांच्या मधे तिसरा माणूस बसेल एवढी जागा.

मोठा उतरला. "दोघांचं धरून लावा," म्हणाला.

भोईर दादांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगायला बाहेर गेले.

दादांनी दोघांना गाडीवर बसवलं, टेप लावला, खाच बदलली, पुन्हा बसवलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. चहा आला, तो दोघांनी उभ्यानेच प्यायला, एक रस्त्याकडे बघत, एक भिंतीकडे.

काम झालं. मोठ्याने किल्ली उचलली, गाडीपर्यंत गेला आणि थांबला. मग वळून ती धाकट्यापुढे धरली. धाकट्याने घेतली. तो पुढे बसला. मोठा मागे बसला, तशी गाडी बरीच खाली दबली.

"हळू चालव," मोठा म्हणाला.

"धरून बस," धाकटा म्हणाला.

समोरच्या गतिरोधकावर गाडी मागून एकदा खाली गेली, एकदा वर आली, आणि सरळ पुढे निघून गेली.