दोर चाचांच्या हातात होता

कड्यावरून दोरानं उतरायची ती सहल कधी झालीच नाही. तरीही नोकरीत मी नेलेल्या कुठल्याही सहलीपेक्षा ती मला जास्त बारकाईनं आठवते. ती ठरवण्यात माझा दीड महिना गेला. ती मोडली तेव्हा एका मुलाचा पाय अधू झाला आणि एका माणसाचं चांगलं नाव गेलं. मुलाच्या पायाबद्दल लोकांनी मला माफ केलं. त्या माणसाच्या नावाबद्दल मला कुणी कधी विचारलंच नाही, म्हणून ते इथं लिहितो आहे.

चीनच्या लढाईनंतरचं वर्ष होतं. शाळाशाळांतून मुलांना कणखर करायची हवा होती. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि न्हावऱ्याच्या पुढं असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात भूगोल आणि कवायत शिकवत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथं लष्करातून निवृत्त झालेल्या एका उस्तादानं आम्हा मास्तर मंडळींना कड्यावरून उतरायला शिकवलं. दोर मांडीखालून घ्यायचा, छातीवरून तिरका खांद्यावर टाकायचा, आणि पाठीमागच्या हातानं तो थोडा थोडा सोडत, खडकावर पाय रोवत मागं मागं खाली जायचं. शिवाय कमरेला दुसरा दोर बांधायचा. तो वरच्या माणसानं धरून ठेवायचा; पहिला हातून सुटला तर या दुसऱ्यानं वाचवायचं. मी तीनदा उतरलो. तीनदा उतरलेल्या माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं.

परत आल्यावर दहावी-अकरावीची अठरा मुलं निवडली आणि वहीत सहल आखायला घेतली. आमच्या भागात कडा नाही. घोड नदीच्या दरडीहून उंच असं काही मुलांनी पाहिलेलंच नव्हतं. म्हणून जुन्नरकडचा एक कडा ठरवला. शिरूरहून एस.टी., मुक्काम एका देवळाच्या ओवरीत, दोन दिवसांच्या दशम्या आणि एक घोंगडी ज्यानं त्यानं घरून आणायची. कोण कुणाच्या मागून उतरणार, कोण खाली थांबणार, हेही लिहिलं. ती वही मी इतक्या सुंदर अक्षरात लिहिली होती की हेडमास्तरांनी ती दुसऱ्या मास्तरांना दाखवली. मला त्याचा फार आनंद झाला होता.

पालकांची संमती घ्यायला मी सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर फिरलो. एका मुलाची आई गोठ्यात शेण भरत होती. तिनं मान वर न करताच विचारलं,

"मास्तर, पोरगं वर चढायला शाळेत घातलंय. त्येला खाली उतरायचं कशाला शिकवताय?"

मी धैर्य, शिस्त, देश असं बरंच काही बोललो.

"देशाचं ऱ्हाऊ द्या. पडलं तर?"

"पडणार नाही. कमरेला दुसरा दोर असतो."

"आन् त्यो कोण धरणार? तुम्ही?" तिनं माझ्या मनगटांकडं पाहिलं आणि हसली. "तुम्हांला सायकल धरवंना उतारावर."

तिचं खरं होतं. अशी चार घरं झाल्यावर मी शाळा समितीच्या प्रमुखांकडं गेलो. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. ऊस, कांदा, बैलजोड्या, सोसायटीची खुर्ची, सगळं त्यांच्याकडं होतं. त्यांनी वही पाहिलीच नाही. ते म्हणाले, "माझ्या मळ्यात नवी विहीर चाललीय. चाळीस फूट गेलीय, पाणी लागलं न्हाई अजून. आधी तिथं उतरवून दाखवा पोरं. आन् दोर धरायला चाचा असू द्या. चाचा दोर धरतोय म्हणलं की कुणाची आई न्हाई म्हणायची न्हाई."

चाचा म्हणजे त्या विहिरीचं काम करणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांचं घर कित्येक पिढ्यांपासून गावातच होतं. कवठे येमाईपासून राहूपर्यंत त्यांनी विहिरी खोदल्या होत्या. विहिरीत उतरून पहारीनं भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवून दोराला हिसका द्यायचा आणि वरच्यानं ओढून घ्यायचं, असं ते काम. वरचा माणूस चुकला तर खालचा संपला. चाचा वर असताना त्यांच्या टोळीतला एकही माणूस दगावला नव्हता, आणि हीच त्यांची सगळी इस्टेट होती. लोक पाण्याची जागा दाखवायला दुसऱ्याला नेत, पण खोदायचं काम चाचांनाच देत.

मी सहलीचं सांगितलं तेव्हा ते दगडावर बसून बिडी ओढत होते.

"मास्तर, आमी पोटासाठी उतरतो. तुमची पोरं कशापायी उतरणार?"

"धाडस यावं म्हणून."

"मंग दोन दिस उपाशी ठेवा. आपसूक येतंय." टोळीतले सगळे हसले. मग ते गंभीर झाले. "येतो मी. जुन्नरला बी येतो. पन एक आमची रीत हाय. खाली जानाऱ्यानं सोताची गाठ सोता मारायची न्हाई. जो वर दोर धरतो, त्यानंच त्याच्या कमरेला गाठ मारायची."

मी कारण विचारलं.

"खाली जानाऱ्याचं ध्यान खाली असतंय. आन् मी मारलेली गाठ हाय म्हणल्यावर माझी नजर हालत न्हाई. दोर धरला म्हंजी गाठीचा जबाब माझा."

मला ते अडाणीपणाचं वाटलं. शिबिरात उस्तादानं प्रत्येकाला आपली गाठ आपण मारायला लावली होती. त्यातच तर स्वावलंबन होतं. मी वहीत तसं लिहिलंही होतं. उस्ताद प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघायचा, हे मात्र मी लिहिलं नव्हतं, कारण ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

सरावाच्या दिवशी सकाळी आबांसाठी विहिरीच्या काठावर खाट टाकली होती. वाळूची दोन पोती आधी उतरवून पाहिली. दोर चाचांच्या टोळीचे होते आणि उत्तम होते. मग मी मुलांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला कमरेची गाठ मारायला सांगितलं. चाचा पहिल्या मुलाजवळ गेले, वाकले आणि त्याच्या गाठीला हात घातला.

मी म्हणालो, "चाचा, तुम्ही फक्त दोर धरा."

मुलं फिसकन हसली. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग आबांकडं पाहिलं. आबा पान लावत होते. "बरं," चाचा म्हणाले, "तुम्ही शिकल्याले." आणि ते मागं जाऊन दगडाला पाय लावून उभे राहिले.

पहिली पाच मुलं व्यवस्थित उतरली. खालून त्यांच्या आरोळ्या येत होत्या. सहावा मुलगा वर्गातला सगळ्यांत धीट होता. त्याची गाठ मी पाहिली. पाहिली म्हणजे नुसती नजर टाकली आणि पाठीवर थाप दिली. विहिरीच्या अर्ध्याखाली त्याचा पाय निसटला, मुख्य दोर हातातून सुटला आणि तो कमरेच्या दोरावर आला. दोर ताठला. चाचांनी तो तोलला होता, एक पाऊलही पुढं सरकले नव्हते. आणि मग तो दोर एकदम हलका झाला. गाठ सुटली होती. पोरगं पंधराएक फूट खाली दगडांवर पडलं.

सगळ्यांत आधी चाचाच खाली गेले. त्यांनीच त्याला पाठीला बांधून वर आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं. आबांच्या बैलगाडीतून न्हावऱ्यापर्यंत, तिथून ट्रकनं पुण्याच्या दवाखान्यात. मुलगा वाचला, पण पुढं तो जन्मभर लंगडत चालला.

तिसऱ्या दिवशी शाळेत समिती बसली. मुलाचा बाप होता, मुलांना साक्षीला बोलावलं होतं, चाचा दाराशी उभे होते. आबांनी मला विचारलं,

"दोर कुणाचा व्हता?"

"चाचांचा."

"धरला कुणी व्हता?"

"चाचांनी."

दोन्ही उत्तरं खरी होती. मी थांबलो. गाठ कुणी मारली, कुणाच्या सांगण्यावरून मारली, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक मुलगा उठला. "सर, पन चाचा गाठ बघत व्हते तवा तुम्ही—" एवढंच तो बोलला. मी त्याच्याकडं पाहून म्हणालो, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. खाली बस." तो बसला. आजवर वर्गात हजारदा हे वाक्य मी बोललो असेन. त्या दिवशी मी ते माझ्या नोकरीसाठी बोललो. घरी म्हातारे आईवडील, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, असली कारणं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. त्या क्षणी यांतलं काहीही माझ्या मनात नव्हतं. फक्त भीती होती.

आबांनी चाचांना विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

चाचा माझ्याकडं बघत होते.  मला कळत होतं की ते मला बोलायला जागा देत आहेत. मग ते म्हणाले, "दोर माझ्या हातात व्हता. जबाब माझा." आणि टोपी सारखी करून निघून गेले. त्यांच्या धंद्याची रीतच ती होती. माझ्या एका शब्दानं त्यांनी ती मोडली होती, आणि मोडल्याचा दोषही त्यांनी रीतीप्रमाणेच आपल्याकडं घेतला.

सहल रद्द झाली. मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

आठवड्याभरानं मी भर दुपारी चाचांच्या घरी गेलो. ते अंगणात पहारीचं टोक घासत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो की चूक माझी होती. मला रडूही आलं. ते घासायचे थांबले नाहीत.

"हे मला कशाला सांगताय? मला ठाऊक हाय की. मी तिथंच व्हतो."

"मला राहवत नाही, चाचा."

"मंग जिथं बोलायचं तिथं बोला. चार लोकांत. माझ्या अंगणात रडून माझं काय काम व्हनार, मास्तर?"

आतून त्यांच्या बायकोनं पाणी पाठवलं. मी ते प्यायलो आणि आलो. चार लोकांत काही बोललो नाही. उद्या बोलू, मुलगा दवाखान्यातून आल्यावर बोलू, परीक्षा झाल्यावर बोलू.

आबांची विहीर पुरी करायला नगरकडची टोळी आली. मग दुसऱ्या एका शेतकऱ्यानं चाचांना दिलेलं काम काढून घेतलं. "चाचाच्या हातून पोरगं सुटलं" हे वाक्य बाजाराच्या दिवशी गावोगाव गेलं. टोळीतले गडीही एकेक करून पांगले, कारण मुकादमावर विश्वास नसला तर विहिरीत कोण उतरणार? दीड वर्षानं चाचा घर बंद करून दौंडला गेले. तिथं स्टेशनात इंजिनांना कोळसा भरायच्या कामावर ते लागले, असं कळलं. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं होतं.

मी बोललो ते सहा वर्षांनी. माझी दौंड तालुक्यात बदली झाली होती, जायच्या आधी शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. बरीच माणसं जमली होती. मी उठलो आणि सगळं सांगितलं, गाठ, माझं वाक्य, त्या मुलाला खाली बसवलेलं.   संपल्यावर एकानं विचारलं, "चहा वाटायचा का आता?" आणि हळूहळू लोक बोलू लागले, हसू लागले.

आबा जवळ आले. आता ते काठी घेऊन चालत. "कशाला उकरून काढलं, मास्तर? मला तवाच ठाऊक व्हतं. मी खाटंवरच व्हतो की."

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्हांला काढलं असतं तर दुसरा मास्तर कुठनं आणायचा व्हता? गावात टिकत न्हाईत. विहिरी खोदणारे काय, शंभर मिळत्यात."

दौंडला गेल्यावर पहिल्याच रविवारी मी स्टेशनात कोळशाच्या बाजूला गेलो. चाचा पाटी रिकामी करून उतरत होते. तोंड, दाढी, पापण्या, सगळं काळं. त्यांनी मला ओळखलं. मी म्हणालो, "चाचा, मी गावात सगळ्यांसमोर सांगितलं."

"कवा?"

"गेल्या महिन्यात."

त्यांनी मनात हिशेब केल्यासारखं केलं. मग रिकामी पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"बरं केलं," ते म्हणाले. "गाडी यायची हाय, बाजूला व्हा, कपडे खराब व्हतील."

मी बाजूला झालो.