दोन साडू आणि ब्रेकची रेघ

नाशिक सोडलं तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. मागच्या सीटवर कपड्यांची बॅग होती, डिकीत दोन हेल्मेट होती, आणि वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं एक यंत्र होतं. धक्का लागू नये म्हणून मीच ते तिच्याकडे सोपवलं होतं.

"मुलं लहान असताना त्यांना तरी इतकं जपलं होतंत का?" तिने धुळ्याच्या अलीकडेच विचारलं.

यंत्राचं नाव डेटा लॉगर. आकाराने साबणाच्या डबीएवढं. काचेला चिकटवायचं, एक वायर गाडीच्या संगणकाला जोडायची, आणि गाडी पळवायची. मग ते सगळं टिपून ठेवतं: कुठल्या वळणावर वेग किती होता, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेक कुठे मारला, गाडी किती जोरात थांबली. घरी येऊन लॅपटॉपवर त्याच्या रेघा बघायच्या आणि आपण कुठे वेळ घालवला ते शोधायचं. वयाच्या पन्नाशीत माणसं गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये जितकं मन घालतात, तितकं मी या रेघांमध्ये घातलं होतं.

याला कारण होते दिलीपराव. दिलीपराव माझे साडू, वैशालीच्या मोठ्या बहिणीचे, मंगलाताईंचे, यजमान. बऱ्हाणपूरला शनवारा भागात त्यांचा सुताचा धंदा आहे. एका लग्नात त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं होतं, की साडूभाऊ गाडी चालवतात ती भाजी आणायला निघाल्यासारखी. सासरच्या मंडळींना ते फार आवडलं. त्यानंतर बऱ्हाणपूरजवळ कुणा केळीच्या व्यापाऱ्याने हौसेने डांबरी ट्रॅक बांधला, रविवारी तिथे 'ट्रॅक डे' (आपली गाडी आणा, हेल्मेट घाला, हवी तशी पळवा) सुरू झाले, आणि दिलीपरावांचा फोन आला. "या ना मग. दाखवून टाकू." पैज पैशांची नव्हती, त्याहून महाग होती. जो हरेल त्याने सासऱ्यांना फोन लावून म्हणायचं, 'साडू माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात.'

मुक्ताईनगर मागे पडलं. इच्छापूरला मध्य प्रदेश लागला, पाट्या हिंदी झाल्या, केळीच्या बागा मात्र होत्या तशाच चालू राहिल्या. केळीला सरहद्द कुणी सांगितलेली नसावी. दुपारी शनवाऱ्याच्या दरवाजाजवळच्या गर्दीत रिक्षा, हातगाड्या आणि एक निवांत बैल यांच्यामधून मी गाडी इंच-इंच सरकवत नेली. त्या वेळची नोंद यंत्राने केली नाही, हे माझं नशीब.

मंगलाताईंनी मांडे (हातावर फिरवून परातीहून मोठी केलेली पातळ रोटी) मागवून ठेवले होते. नंतर दराबा (रवा, साखर, तूप घोटून घोटून केलेली मऊ मिठाई) आला. तिसऱ्या वाटीला मी नको म्हणालो.

"घ्या भाऊजी," ताई म्हणाल्या, "वजन वाढलं तर गाडी हळू पळेल, म्हणून घाबरून राहिले का?"

दिलीपरावांनी यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि टेबलावर ठेवलं. "हे डबडं गाडी शिकवणार? साडूभाऊ, गाडी बुडाने समजते. सीटवर बसलं की खालून कळतं सगळं."

"मग उद्या दोन्ही गाड्यांना आळीपाळीने लावू," मी म्हणालो. "तुमचं बुड आणि माझं डबडं."

"लावा. मला काय भीती आहे?"

बऱ्हाणपूरला लोक जमिनीखालचे जुने पाण्याचे बोगदे बघायला येतात, जैनाबादला जाऊन मोगलांच्या बागेत फोटो काढतात. आम्ही दोघे संध्याकाळभर टायरमधली हवा तपासत बसलो. बहिणी बहिणी तापीवर फिरून आल्या.

रविवारी सकाळी फोपनार गावाच्या बाजूला निघालो. केळीच्या बागांमध्ये अचानक काळंभोर डांबर दिसतं, कडेने जुन्या टायरांच्या राशी, एक लोखंडी फाटक, एक कडुलिंब. ट्रॅक लांबीला बेताचा: एक लांब सरळ रस्ता, त्याच्या शेवटी एक आखूड उजवं वळण, मग एक मोठं पसरट डावं आणि पुढे दोन वाकडी-तिकडी. फाटकावर लखनभाई नावाचे गृहस्थ उभे होते. हातात झेंडा, गळ्यात शिट्टी. "हेल्मेट के बिना कोई नहीं," ते सगळ्यांना सांगत होते, चहावाल्यालासुद्धा.

मी आधी गेलो. काय चालवली म्हणून सांगू! मोठ्या डाव्या वळणावर पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, टायर किंचाळताहेत, छातीत धडधड. परत येऊन हेल्मेट काढलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी हार घालेल. कडुलिंबाखाली लॅपटॉप उघडला. वैशाली शेजारी येऊन उभी राहिली.

"ही कुठली रेघ?"

"ॲक्सिलरेटर."

"मग इथे मोठ्या वळणावर खाली का आलीये? तुम्ही तर आत्ता म्हणालात, पूर्ण दाबला होता."

मी रेघ मोठी करून पाहिली. खाली आली होती. थोडी नव्हे, चांगली निम्म्याच्या खाली. प्रत्येक फेरीत त्याच जागी माझा उजवा पाय मला न विचारता उचलला जात होता. दिलीपराव इतके हसले की खुर्चीचा हात धरावा लागला. "भाजी सांडेल म्हणून!" ते म्हणाले.

मग ते फेऱ्या मारून आले आणि त्यांच्या रेघा उघडल्या. सरळ रस्त्याच्या शेवटी ते ब्रेक इतका उशिरा आणि इतका जोरात मारत होते की वळणात गाडी जवळजवळ थांबत होती, आणि तिला पुन्हा पळवण्यात सगळी कमाई परत जात होती. मी हे शांतपणे दाखवलं. शांतपणामागचा आनंद लपला नसावा.

"हे डबडं तुमच्या गावचं आहे," ते म्हणाले, "तुमच्याच बाजूने बोलून राहिलं."

पण मी यंत्राचं ऐकलं. पुढच्या वेळी आखूड वळणाआधी जरा लवकर, जरा हलका ब्रेक मारला, गाडी वाहू दिली आणि वळण संपायच्या आत ॲक्सिलरेटर दिला. मोठ्या वळणावर पायाला दम देऊन ठेवला. वेगात जातोय असं मुळीच वाटलं नाही, उलट कंटाळवाणं वाटलं. वेळ मात्र दोन सेकंदांहून जास्त उतरली. लखनभाईंनी घड्याळ दाखवलं तेव्हा दिलीपरावांनी चहा अर्धा टाकून हेल्मेट चढवलं.

ते फेऱ्यांवर फेऱ्या मारत सुटले. एका फेरीत त्यांची वेळ माझ्या वेळेच्या खाली गेली. अगदी थोडी, पण खाली. फाटकातून आत येताना त्यांनी काच खाली करून हात असा बाहेर काढला होता, जसे निवडून आलेले आमदार काढतात. चाकांमधून जळका, आंबट वास येत होता.

"पाणी पिऊन अजून एकदा जातो," ते म्हणाले. "आता अजून कमी करतो."

मी त्यांच्या रेघा बघत होतो, कुठे जिंकले ते शोधायला. ते सापडलं नाही, दुसरंच दिसलं. गाडी ब्रेकने किती जोरात थांबते त्याचीही एक रेघ असते. ब्रेक चांगला लागला की तिथे खोल खड्डा पडतो. दिलीपरावांच्या पहिल्या फेऱ्यांत विहिरीसारखे खड्डे होते. पुढे ते उथळ होत गेले आणि लांब होत गेले. शेवटच्या फेरीत तर खड्डा कसला, बशी होती. ब्रेक तापून तापून मेले होते. ते तितक्याच जोराने दाबत असतील, गाडी थांबायला तयार नव्हती.

मी त्यांना हाक मारली आणि दाखवलं.

"दिलीपराव, आता जाऊ नका. ब्रेक गेलेत तुमचे."

ते पडद्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिले. "मी पुढे निघालो तेव्हाच गेले का?"

"अहो, खरंच सांगतो."

"ब्रेक मक्खन आहेत. मला कळत नाही का? मी चालवून राहिलो की तुमचं डबडं?"

मंगलाताई जवळ आल्या. त्यांना रेघा समजत नव्हत्या, माणसं समजत होती. "भाऊजी, खरं बोला. हरायच्या भीतीने तर नाही ना सांगून राहिले?"

सरळ रस्त्याच्या टोकाला टायरांची एकच रांग होती. तिच्यामागे सिमेंटची भिंत होती.

"मी हरलो," मी म्हणालो. "आत्ता, सगळ्यांसमोर. आज सासऱ्यांना फोन करतो. फक्त गाडी उभी ठेवा."

मला वाटलं, झालं. पण माझं साडूंचं ज्ञान कच्चं होतं.

"दान देऊन राहिले का?" दिलीपरावांचा चेहरा लाल झाला. "मला असं जिंकायचं नाही. चालवून जिंकणार." आणि ते गाडीत जाऊन बसले.

मी लखनभाईंकडे पळालो. तेवढ्यात मंगलाताईंनी वैशालीच्या हातातलं दुसरं हेल्मेट घेतलं, अंबाड्यावरून कसंबसं चढवलं, पलीकडचं दार उघडलं आणि नवऱ्याशेजारी बसल्या.

"तू कुठे?"

"ब्रेक मक्खन आहेत म्हणता ना? चला मग."

दिलीपराव काहीतरी पुटपुटले. गाडी निघाली. कडुलिंबापासून फाटकापर्यंत थोडा उतार आहे. लखनभाईंनी मधोमध उभं राहून झेंडा आडवा धरला, थांबा म्हणून. गाडी माणसाच्या चालीने येत होती. ती तशीच येत राहिली. लखनभाई बाजूला उडी मारून शिट्टी फुंकू लागले. गाडी त्यांच्यासमोरून, एखाद्या वरातीच्या घोड्यासारखी रमतगमत पुढे गेली आणि कडेच्या टायरांच्या राशीत नाक खुपसून थांबली. आतून एकच आवाज आला, दिलीपरावांचा: "पायडल खाली गेलं. पूर्ण खाली गेलं."

कुणाला काही झालं नाही. बंपरला पोचा आला. मंगलाताई उतरल्या, हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि आमच्या गाडीत मागे जाऊन बसल्या. त्या घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. तो प्रवास मला ट्रॅकपेक्षा लांब वाटला.

संध्याकाळपर्यंत दिलीपराव सावरले होते. शेजाऱ्याला सांगत होते, "मला आधीच शंका होती. बुडाला जाणवून राहिलं होतं." मग माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, फोन?"

"कसला?"

"सर्वांसमोर शब्द दिला होता तुम्ही. आणि वेळ तर माझीच कमी आहे. डेटात आहे ना."

तो जीव वाचलेला माणूस फोन पुढे करून उभा होता. मी अमळनेरला सासऱ्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ते वाक्य म्हणालो. "बरं," सासरे म्हणाले. "मंगला कशी आहे?"

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी दिलीपराव मला राजघाटावर घेऊन गेले. तापीला पाणी बेताचं होतं, पलीकडे जैनाबाद धुक्यात होतं. बराच वेळ ते सुताच्या भावाबद्दल बोलले. मग म्हणाले, "ती शेवटची रेघ पुन्हा दाखवा."

मी मोबाइलवर दाखवली. विहीर, खड्डा, बशी. त्यांनी बोट लावून एकेक फेरी पाहिली.

"लखन आडवा आला नसता," ते म्हणाले, "तर मी तिला घेऊन सरळ रस्त्यावर गेलो असतो." त्यांनी मोबाइल माझ्याकडे परत दिला. टोमणा माझ्या ओठांवर होता, पण नदीकाठी तो शोभला नसता.

परतीच्या वाटेवर यंत्र बॅगेत होतं. ट्रॅकवर कमावलेले दोन सेकंद जळगावच्या अलीकडे केळीच्या एका ट्रॉलीमागे व्याजासकट गेले. मी विचार करत होतो. यंत्र एकदाही खोटं बोललं नव्हतं. माझा पाय उचलला जातो हे त्याने सांगितलं आणि मी सुधारलो, कारण त्यात मला जिंकायचं होतं. दिलीपरावांचे ब्रेक गेले हेही त्याने तितकंच स्वच्छ सांगितलं, आणि ते कुणालाच पटवता आलं नाही, मला तर नाहीच.

"ताई बसली नसती गाडीत," वैशाली अचानक म्हणाली, "तर तुम्ही बसला असतात?"

"हो."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे, थांबवलं असतं मी. कसंही करून."

"मी बसण्याचं विचारलं."

समोरच्या ट्रकचे मागचे दिवे लाल झाले. मी ब्रेक दाबला. तो लागला.