माझ्या मुलीने टिपलेले क्ष-किरण

सभागृहाच्या दारातच मुलीच्या मार्गदर्शकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "काका, मुलगी कष्टाळू आहे हो तुमची. पण संशोधन रक्तात असावं लागतं." तिच्यासोबत काम करणारे लोक हसले. एकाने पुस्ती जोडली, "कोट्यातून सीट मिळते, तारा नाही मिळत." मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. व्याख्यान तिच्या शोधावर होते. फलकावर नाव सरांचे.

अंधेरीतली ती सभा एका म्हाताऱ्या, फुगलेल्या राक्षसी ताऱ्याविषयी होती. असे तारे मंद फिरतात, त्यांचे चुंबकत्व क्षीण होते; त्यांच्याकडून क्ष-किरणांची अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. तिला ते मिळाले. अशा वेळी पहिला संशय शेजारच्या एखाद्या न दिसणाऱ्या लहान ताऱ्यावर घेतात: किरण त्याचे असतील, राक्षसाचे नव्हेत. संशय रास्त आहे. तिने तो तपासला आणि पुराव्यानिशी खोडला. राक्षसी तारा स्वतःभोवती फिरेल तसे त्याचे चुंबकीय क्षेत्र आणि क्ष-किरण बरोबरीने वाढत, ओसरत होते; म्हणजे किरण त्याचेच.

तिच्याबाबतीत मात्र संशय हाच निकाल. तिने शोध दाखवला तेव्हा सर म्हणाले होते, "हे तुझ्या डोक्यातलं नाही. कुणी सांगितलं तुला?" काम तिचेच असल्याचा पुरावा कोणी पाहिलाच नाही.

मी न्यायालयात नोकरी केलेला माणूस. बाजू न ऐकता दिलेला निर्णय, निर्णय नसतो. व्याख्यान संपताच मी उभा राहिलो. "हे काम जिने केले, ती इथे बसली आहे. तिला बोलू द्या."

"काका, चहा घ्या. शांत व्हा," सर म्हणाले.

मुलीने माझी बाही ओढली. "बाबा, बसा ना. माझी वाट लागेल."

मी बसलो नाही.

त्यानंतर तिने संशोधन सोडले. आता घाटकोपरच्या एका क्लासमध्ये अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. परवा एका विद्यार्थिनीने ताऱ्यांविषयी विचारले, तेव्हा ही म्हणाली, "पोर्शनमध्ये नाही ते." घरी येऊन मला एवढेच सांगितले आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

संस्थेला मी पत्रांमागून पत्रे लिहिली. उत्तर आले: तक्रार मुलीने स्वतः करावी. ती करणार नाही. तिच्यात आता ते बळ उरलेले नाही. ते कोणी काढून घेतले, हे मी जाणतो.

परंतु जातीवरून चारचौघांत अपमान माझाही झाला आहे. त्या गुन्ह्याचा फिर्यादी मी आहे. त्याला तिच्या सहीची गरज नाही. पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत साक्षीदार म्हणून मी हसणाऱ्यांचीच नावे दिली आहेत. हे काम कोणी केले, ते त्यांना शपथेवर सांगावे लागेल.