बाईंची पासष्ट मिनिटं

बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानी बाई पातेलं उलटं धरायच्या, टिचकी मारायच्या आणि नाद पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभ्या राहायच्या. मग पुढचं पातेलं. सातआठ झाली की दुकानदार विचारायचा, "अम्मा, लेना है की बजाना है?" बाई शांतपणे म्हणायच्या, "दोनों." आणि बहुतेकदा काहीच न घेता बाहेर पडायच्या. मागे मी, पिशव्या सांभाळत, मान खाली घालून.

कॉलेजात त्या फिजिक्सच्या, मी केमिस्ट्रीची. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. पण स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच आणि घरंही दोघींची नल्लकुंट्यात, म्हणून येणंजाणं एकत्र. चमत्कारिक माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाईंना सगळे त्यांच्यातच मोजत. खरं तर त्या संगीत करत होत्या, आणि ते संगीत आहे असं या एवढ्या मोठ्या शहरात कुणालाच वाटत नव्हतं. मलासुद्धा.

तरुणपणी लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की महायुद्धानंतर युरोपात काही लोक टेप ब्लेडने कापतात, उलटसुलट जोडतात आणि दारांच्या, यंत्रांच्या आवाजांतून रचना करतात. तेवढा एक लेख. गुरू नाही, सोबत नाही. बाईंनी लॅबमधला मोडका टेपरेकॉर्डर दुरुस्त केला आणि कामाला लागल्या. सिकंदराबादला रेल्वेचे डबे जोडतानाचा दणका, बेगम बाजारातल्या तराजूची पारडी, लॅबमधले नादकाटे, स्वतःच्या घरचा कुरकुरणारा पंखा. अकरा वर्षं कापून, चिकटवून त्यांनी पासष्ट मिनिटांची एक रचना केली. एकच स्पूल, दुसरी प्रत नाही.

आमच्या मराठी मंडळात एकदा त्यांनी ती लावली होती. दहाव्या मिनिटाला सेक्रेटरी उठले आणि स्पीकरची वायर हलवून पाहू लागले. "मॅडम, लाइन खराब दिसते."

"लाइन बरोबर आहे. तुम्ही बसा."

ते बसले नाहीत. त्यांनी चहा जाहीर केला.

बाईंची अट एकच असायची, मधे उठायचं नाही. "अर्धं ऐकून मत देऊ नको. शेवट ऐकल्याशिवाय ते कळत नाही." मी तीनदा बसले. पहिल्यांदा कुकर लावायचा राहिला होता. दुसऱ्यांदा मुलीचा फोन आला. तिसऱ्यांदा, खरं सांगते, कंटाळा आला. पंचवीस मिनिटांच्या पुढे मी कधी गेलेच नाही. "नंतर ऐकते, बाई." "हौ, नंतर," म्हणून त्या बटण बंद करायच्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंचे गुडघे पार गेले तेव्हा भाच्याने त्यांना आपल्या दोन खोल्यांत न्यायचं ठरवलं. टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला होता. मी म्हटलं, निदान ती टेप तरी पेनड्राइव्हवर घेऊ. सिकंदराबादला जुन्या लग्नांच्या कॅसेटी उतरवून देणारं एक दुकान होतं. तिथल्या माणसाने विचारलं, "मेडम, टेप वापस होना क्या?"

"नक्को. घर में जगा नहीं है. बस आवाज साफ आना."

हे वाक्य माझं. ते मी कुणावर ढकलू?

आठवड्याने गेले तर तो खुशीत होता. "बहोत कचरा था उसमें, मेडम. घर्र घर्र, खट खट. चार दिन बैठके पूरा निकाल दिया मैं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. टेप मागितली. एकदा चालवताच तिची भुकटी झाली, ती त्याने फेकून दिली होती. "आपीच बोले ना, नक्को बोलके." न साफ केलेली फाइल? तीही नव्हती. त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार काय? मी सांगितलं तेच त्याने केलं होतं, आणि मन लावून केलं होतं. चार दिवस त्या रचनेसमोर बसलेला तो पहिलाच माणूस.

बाईंना सांगायचं धाडस झालं नाही. त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि काहीतरी उरलं असेल अशी आशा धरून बसले. त्यांनी डोळे मिटले. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "सुरू कर की."

"सुरूच आहे, बाई."

मग सगळं सांगितलं. आणि सांगून झाल्यावर वर शहाणपणाही केला, "तुमच्या त्या युरोपातल्या लोकांत शांततेलाही रचना म्हणणारे होते ना?"

"त्यांनी ती ठेवलेली असते, अगं. ही पुसलेली आहे."

इतका चढा आवाज त्यांनी वर्गातही कधी काढला नव्हता. मी वही घेतली. म्हटलं, शेवटी काय होतं तेवढं सांगा, लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "लिहून भागलं असतं तर अकरा वर्षं कापाकापी कशाला केली असती?" मग माझ्या हातातली वही मिटत, "जाऊ दे. परेशान होऊ नको. चहा टाक."

त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. थंडीत भाच्याच्या घरीच वारल्या.

परवा मी ती फाइल लावली आणि पासष्ट मिनिटं जागची हलले नाही. कुकर नाही, फोन नाही. काहीही ऐकू येत नव्हतं. एकेचाळिसाव्या मिनिटाला मात्र एकदम बाई बोलल्या. तरुण, घाईतला आवाज. "हौ, आले, दोन मिनिटं थांबा." दारात कुणी आलं असावं. ते त्यांनी मुद्दाम ठेवलं, की कापायचं राहिलं? माणसाचं बोलणं तेवढं ठेवावं, बाकीचं कचरा समजावं, असं दुकानातल्या त्या आवाज साफ करणाऱ्या यंत्राला शिकवलेलं असणार. पुढची चोवीस मिनिटं पुन्हा काही नाही. त्यात काय होतं ते एका माणसाला तरी माहीत असायला हवं होतं, आणि ते माणूस मी होऊ शकले असते.